बर्फाळ रस्ता आणि चाकाची साखळी

महाराष्ट्रात बर्फाचा रस्ता नाही. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या कडाक्याच्या रात्री दव गोठते, गवतावर पांढरा थर धरतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे झळकतात. विदर्भात, मराठवाड्यात गारपीट झाली म्हणजे घटकाभर रस्ताही पांढरा होतो. पण त्या वेळी रस्त्यापेक्षा शेतातल्या उभ्या पिकाकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात, आणि ते योग्यच आहे. तेव्हा बर्फावर मोटार कशी चालवावी हे आम्हांला कशाला, असे कोणी विचारले तर त्यात नवल नाही.

पण थोडा विचार करा. सैन्यात गेलेला एक तरी मुलगा नाही असे गाव आपल्याकडे विरळा. तो लडाखमध्ये, सिक्कीममध्ये किंवा अरुणाचलात असला तर त्याचा शिधा, त्याचे रॉकेल आणि पुष्कळदा तो स्वतः ट्रकमधूनच जातो-येतो. आणि ट्रक चालवणारा जवानही असाच कोणत्यातरी गावचा असतो. दुसरे असे की, नाताळच्या सुट्टीत बर्फ पाहायला मनालीला नि गुलमर्गला जाण्याची हौस आता शहरांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावाहून शिक्षक मंडळी, बागाईतदार, पतपेढीतले कर्मचारी मुलाबाळांसह निघतात. काहीजण तर सरळ आपलीच मोटार घेऊन जातात. आंबेनळीचा घाट पावसाळ्यात धुक्यातून उतरलेला माणूस. त्याला वाटते, रस्ता तो रस्ता, त्यात काय एवढे! हा विश्वास खोटा नाही. पण तो ज्या गोष्टीवर उभा आहे, ती गोष्टच बर्फावर नाहीशी होते.

मनालीच्या वर रोहतांगची खिंड आहे, उंची सुमारे ३,९७८ मीटर. हिवाळ्यात ती बर्फाने बंद होते, म्हणून पूर्वी साध्या प्रवाशाची मोटार थंडीत पलीकडे जाण्याचा प्रश्नच येत नसे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी त्या डोंगराच्या पोटातून काढलेला नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाला. पलीकडच्या लाहौल खोऱ्यातल्या लोकांची हिवाळ्यातली कोंडी पुष्कळशी सुटली, हे फार चांगले झाले. मात्र बोगद्याच्या आतला रस्ता झाकलेला असला तरी त्याची दोन्ही तोंडे तीन हजार मीटरांहून उंचावर आहेत, आणि तिथून पुढचा-मागचा रस्ता उघडाच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या टापूत बर्फ पडून हजारो प्रवासी आपापल्या गाड्यांत अडकून पडले. काश्मिरात सोनमर्गचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झाला, आणि तिथेही आता भर हिवाळ्यात मोटारी पोचतात. रस्ता सुधारला की धोका कमी झाला, असे आपण धरून चालतो. इथे थोडे निराळे घडले आहे. चांगल्या रस्त्याने साध्या टायरच्या मोटारीला बर्फाच्या दाराशी नेऊन सोडले आहे.

आता मुळापासून पाहू. मोटार रस्त्याला कशाने धरून असते? इंजिन मोठे असो, ब्रेक नवे असोत, चालवणारा कसलेला असो. या सर्वांचा रस्त्याशी संबंध येतो तो चार ठिकाणी, टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे. टेकणारा हा भाग साधारण तळहाताएवढा असतो. चार तळहात रबर! गाडी पुढे जाते ती याच्या जोरावर, वळते ती याच्या जोरावर आणि थांबते तीही याच्याच जोरावर. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला नाही. गाडीला थांबवते ते चाक आणि रस्ता यांच्यामधले घर्षण.

हे घर्षण किती असते? शिक्षक मित्रांसाठी हिशेब सांगतो, फळ्यावर मांडण्याजोगा आहे. चाके जाम केलेल्या गाडीचे वजन शंभर किलो धरा. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती आडवी सरकवायला सत्तर-ऐंशी किलोंचा जोर लागतो. रस्ता ओला असला तर पन्नासच्या आसपास. वाहनांखाली दाबल्या गेलेल्या हिमावर वीस ते तीस. कठीण बर्फावर दहा. आणि दुपारच्या उन्हाने ज्याला पाणी सुटले आहे अशा बर्फावर पाच किलोंचासुद्धा जोर पुरतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली थांबण्याची. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कोरड्या रस्त्यावर, ब्रेक लागल्यापासून सुमारे नऊ मीटरांत थांबते. तीच मोटार त्याच वेगाने कठीण बर्फावर साठ मीटरांहून अधिक घसरत जाते. साठ मीटर म्हणजे शाळेच्या मैदानाची एक बाजू सहज होईल. डोंगरात एवढ्या अंतरात एक वळण तरी येतेच. वेग निम्मा केला, ताशी वीस केला, तर बर्फावरचे अंतर निम्मे न होता पाव होते, म्हणजे सोळा मीटरांच्या आत येते. बर्फावर वेग कमी करा असे जे सांगतात, ते म्हातारपणच्या भीतीने सांगत नाहीत. त्यामागे वर्गाचा गुणाकार आहे.

दुसरी गोष्ट चढ-उताराची. दहाला एक असा उतार असेल, म्हणजे दहा फूट आडवे गेल्यावर एक फूट खाली, तर कठीण बर्फावर ब्रेक दाबून उभी केलेली गाडीसुद्धा आपण होऊन सरकण्याच्या बेतात असते. पाणी सुटलेल्या बर्फावर वीसला एक उतारही पुरतो, आणि डोंगरी रस्ते आखताना अभियंते साधारण हाच चढ पसंत करतात. हातब्रेक ओढून गाडी उभी केली, माणसे छायाचित्रे काढायला खाली उतरली, आणि गाडी निघाली आपली कडेकडेने दरीच्या दिशेला, असे प्रकार होतात ते यामुळे. ब्रेक बिघडलेला नसतो. ब्रेक आपले काम चोख करीत असतो. चाके एक तसूभरही फिरलेली नसतात.

वर्गात हे दाखवणे कठीण नाही. बाजाराच्या दिवशी रसवंतीवाल्याकडून बर्फाच्या लादीचा एक सपाट तुकडा मागून आणा. भुसा धुऊन काढा. जुन्या रबरी चपलेचा टाचेकडचा तुकडा कापून त्यावर वजन म्हणून एक छोटा दगड बांधा. हा तुकडा आधी लाकडी फळीवर ठेवा, फळी हळूहळू एका टोकाने उचला, आणि कोणत्या उंचीला तो घसरतो ते खडूने टिपून ठेवा. मग तेच बर्फावर करा. मुलांना आश्चर्य वाटेल इतक्या थोड्या कलण्याने तुकडा सुटतो. आता त्याच रबरी तुकड्याला बारीक कड्यांच्या साखळीचे, कुत्र्याच्या गळ्यात घालतात तसल्या, दोन वेढे द्या आणि पुन्हा ठेवा. फरक मुलेच सांगतील. मात्र साखळी पातळ असली आणि दगड हलका असला तर फरक थोडा दिसेल. वजन वाढवा, म्हणजे कड्या बर्फात रुततील.

बर्फ मुळात निसरडा का? शाळेच्या जुन्या पुस्तकांतून असे सांगितलेले असते की, दाबामुळे बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून वस्तू घसरते. दाबाने बर्फ वितळतो हे खरे. पण माणसाच्या किंवा मोटारीच्या वजनाने पडणारा दाब त्यासाठी फार अपुरा आहे, आणि शून्याखाली वीस अंशांतही बर्फ निसरडा असतो त्याचा उलगडा त्याने होत नाही. आज असे मानतात की, बर्फाच्या अगदी वरच्या थरातले कण आतल्यासारखे घट्ट बांधलेले नसतात, ते सुटेसुटे, जवळजवळ पाण्यासारखे वागतात. आणि घासण्याने जी ऊब निर्माण होते तिने त्यात भर पडते. म्हणूनच फार कडक थंडीतला बर्फ त्या मानाने बरा, आणि शून्याच्या आसपासचा, ओलसर, चमकणारा बर्फ सगळ्यांत वाईट. सकाळी ठणठणीत थंडीत नीट गेलेला माणूस दुपारी ऊन पडल्यावर त्याच रस्त्यावर घसरतो, तो यामुळे.

आपल्या बोलण्यात आभाळातून पडते तेही बर्फ आणि कारखान्यातल्या लादीचाही बर्फच. ज्यांच्या दारात तो दरवर्षी पडतो त्यांना हा भेद न करून चालत नाही. ताजे, भुसभुशीत हिम टायरच्या खाचांत भरते आणि काहीशी पकड देते. वाहनांनी चेपलेले हिम त्याहून निसरडे. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला, काचेसारखा थर सर्वांत घातक. यातला एक प्रकार तर दिसतच नाही. त्याला तिकडे काळा बर्फ म्हणतात. तो काळा नसतो, पारदर्शक असतो. खालचे डांबर त्यातून दिसते, एवढेच. ओला रस्ता आहे असे वाटते नि चाक त्यावर गेले की कळते. असा थर कुठे सापडेल ते मात्र आधी सांगता येते: डोंगराच्या सावलीतल्या वळणावर, जिथे दिवसभर ऊन येत नाही, पुलावर आणि मोरीवर, कारण तिथे थंड हवा वरूनही लागते आणि खालूनही, आणि जिथे ओढ्याचे पाणी रस्ता ओलांडून जाते तिथे. लडाखच्या वाटेवर असे ओढे पुष्कळ. दुपारी जिथून छपछप पाणी उडवीत गेलो, तीच जागा पहाटे आरशासारखी झालेली असते.

या रस्त्यावर चाकाला पकड द्यायची कशी? उत्तर फार साधे आहे, आणि आपल्या शेतकऱ्याला ते नवीन वाटणार नाही. कोकणात भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टर घालतात तेव्हा रबरी चाकांच्या जोडीला लोखंडी पिंजऱ्याची चाके लावतात, कारण नुसते रबर चिखलात गरगर फिरते. मळ्यातल्या वाटेवर उसाची ट्रॉली फसली की चाकाखाली पाचट घालतात, नाहीतर टायरला दोर किंवा साखळी गुंडाळून बाहेर काढतात. अमेरिकेतही मोटारी नव्या होत्या तेव्हा चालक चिखलातून, बर्फातून निघण्यासाठी टायरांना दोर गुंडाळीत. ते पाहून न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावच्या हॅरी वीड नावाच्या गृहस्थाला कल्पना सुचली, असे सांगतात. त्याने टायरवर चढवायच्या साखळ्यांची एक जाळी बनवली आणि १९०४ साली तिचे पेटंट घेतले. पुढे टायर बदलले, रस्ते बदलले, मोटारींत विजेवर चालणारी नाना यंत्रे आली. ही साखळी मात्र मूळ कल्पनेत जवळजवळ तशीच राहिली आहे.

तिची रचना शिडीसारखी असते. टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूने एकेक लांब साखळी, आणि त्या दोहोंना जोडणाऱ्या, टायरच्या पाठीवरून आडव्या जाणाऱ्या लहान साखळ्या. चाक फिरताना आडवी साखळी टायर नि रस्ता यांच्यामध्ये येते. त्या क्षणी त्या चाकावरचा सगळा भार, लहान मोटारीत तो अडीच-तीनशे किलो सहज असतो, चार-पाच लोखंडी कड्यांवर पडतो. रबर मऊ, ते बर्फावर पसरते. पोलादी कडी अरुंद आणि कठीण, ती बर्फ फोडून आत रुतते. दुसऱ्या एका प्रकारात आडव्या पट्ट्यांऐवजी चौकटीच्या आकाराची जाळी असते. ती थोडी महाग, पण तिचा कोणता ना कोणता भाग सतत जमिनीला लागलेला असतो, आणि गाडी बाजूला घसरू लागली तरी ती धरते. वळणावळणाच्या रस्त्याला हीच अधिक चांगली असे माझे मत आहे.

आता महत्त्वाचा प्रश्न: साखळी कोणत्या चाकांना? इथे पुष्कळजण चुकतात. बैलगाडीचे उदाहरण घ्या. गाडी ओढतात बैल. चाके नुसती मागोमाग फिरतात. म्हणून पत्री ठोकायची ती बैलाच्या खुराला. मोटारीतले बैल म्हणजे इंजिनाच्या जोराने फिरणारी चाके. ट्रकमध्ये आणि जुन्या जीपगाड्यांत ती मागची असतात. आजच्या बहुतेक लहान मोटारींत पुढची चाके ओढणारी असतात. मागची चाके ओढणारी असताना साखळ्या पुढे बांधल्या, तर बैलांना सोडून गाडीच्या चाकांना पत्री ठोकल्यासारखे होते. आपल्या मोटारीत कोणती चाके ओढतात हे मालकालाही कित्येकदा ठाऊक नसते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत ते लिहिलेले असते.

ओढणाऱ्या चाकांना साखळ्या हा कमीत कमी बंदोबस्त झाला. पण ब्रेक सर्व चाकांना असतो आणि उतारावर प्रश्न ओढण्याचा नसतो, धरून ठेवण्याचा असतो. फक्त पुढे साखळ्या असल्या तर तीव्र उतारावर गाडीचे ढुंगण फिरते आणि ते पुढे येऊ पाहते. फक्त मागे असल्या तर स्टिअरिंग फिरवले तरी पुढची चाके ऐकत नाहीत, गाडी सरळ जाते. खरोखरच बर्फाच्या घाटातून उतरायचे असेल तर चारही चाकांना साखळ्या असाव्यात. खर्च वाढतो, हे मान्य.

याच ठिकाणी चारही चाकांना इंजिनाचा जोर देणाऱ्या गाड्यांविषयी सांगितले पाहिजे. त्यांच्या मालकांना वाटते, आपल्याला साखळीची गरज नाही. चढायला या गाड्या चांगल्या, यात शंका नाही. पण थांबायला त्या इतर गाड्यांसारख्याच. थांबणे इंजिनावर नसते, त्या चार तळहातांवर असते, आणि ते चार तळहात याही गाडीला तेवढेच आहेत. उलट ही गाडी बर्फात सहज वर जाते, म्हणून चालवणाऱ्याला रस्ता किती वाईट आहे ते उतरायला लागेपर्यंत समजतच नाही.

साखळी विकत घेताना टायरचे माप पाहावे. टायरच्या कडेवर आकडे उठवलेले असतात, उदाहरणार्थ १६५/८० आर १४. तेच आकडे साखळीच्या वेष्टनावर असले पाहिजेत. अंदाजे घेतलेली साखळी सैल बसते, सैल साखळी चाबकासारखी फिरते, मडगार्ड फोडते आणि कधी ब्रेकची नळीही तोडते. काही नव्या मोटारींत चाक आणि वरचा पत्रा यांत अंतर इतके थोडे असते की जाड साखळी बसतच नाही. त्यांच्यासाठी बारीक कड्यांची साखळी किंवा टायरवर चढवायचे जाड कापडी मोजे मिळतात. मोजे थोड्या अंतरापुरते ठीक. कोरड्या रस्त्यावर ते पाहता पाहता फाटतात.

आणि साखळी घेतली की ती घरच्या अंगणात एकदा तरी चढवून पाहावी. हे मी आग्रहाने सांगतो. उबदार उन्हात, कोरड्या हातांनी, शांतपणे हे काम पहिल्यांदा करायला अर्धा तास लागतो. तेच काम उणे दहा अंशांत, अंधारात, वारा सुटलेला असताना, बोटे बधिर झालेली आणि मागच्या गाड्यांचे भोंगे वाजत असताना पहिल्यांदा करणाऱ्याची काय अवस्था होईल, याची कल्पना करा. बहुतेक साखळ्या मोटारीच्या पाठीमागच्या कप्प्यात न उघडलेल्या पिशवीतच राहतात, त्याचे कारण हेच.

चढवण्याची रीत अशी. बर्फ सुरू होण्यापूर्वी, सपाट आणि रुंद जागा पाहून, वळणापासून दूर गाडी उभी करावी. इशाऱ्याचे दिवे लावावेत, हातब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत. साखळी जमिनीवर पसरून तिचे पीळ काढावेत. एक कडी जरी उलटी राहिली तरी ती टायर कापते. आडव्या साखळ्यांच्या आकड्यांची उघडी टोके बाहेरच्या बाजूला, टायरपासून दूर असावीत. मग जाळी टायरवर शालीसारखी पांघरावी, दोन्ही बाजूंना सारखी ओढावी, आणि आधी आतल्या बाजूचा आकडा अडकवावा. तो नंतर हाती लागत नाही. मग दगड काढून, मागेपुढे कोणी नाही असे पाहून, गाडी पाव चाक पुढे घ्यावी, म्हणजे टायरखाली दबलेला भाग मोकळा होतो. पुन्हा ब्रेक ओढून, दगड लावून बाहेरचा आकडा लावावा, ताण द्यावा. उरलेले टोक लोंबत ठेवू नये, बांधून टाकावे. एवढे करून निघाल्यावर शंभर-दोनशे मीटरांवर पुन्हा थांबावे, कारण पहिल्या काही फेऱ्यांत साखळी बसते आणि हटकून सैल होते. ती तिथे पुन्हा आवळली म्हणजे काम झाले. साखळी बसवण्यासाठी टायरमधली हवा काढणारे लोक भेटतात. तसे करू नये. थंडीने हवेचा दाब आधीच उतरलेला असतो.

साखळ्या बनवणारे ताशी पन्नास किलोमीटरांपलीकडे जाऊ नका असे सांगतात, आणि जर्मनीत तर कायद्यानेच ती मर्यादा घातली आहे. आपल्या हिमालयातल्या वळणांवर तीसदेखील पुष्कळ झाले. साखळीने थांबण्याचे अंतर बरेच कमी होते, पण कोरड्या रस्त्याएवढे कधीच होत नाही. तेव्हा पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा कितीतरी पट अधिक अंतर राखावे. उतारावर खालच्या गिअरमध्ये राहावे आणि इंजिनालाच गाडी धरू द्यावी. वेग वाढवणे, ब्रेक लावणे, वळवणे, जे काय करायचे ते हलक्या हाताने आणि एका वेळी एकच. गाडी घसरू लागलीच तर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा आणि जिकडे जायचे आहे तिकडे स्टिअरिंग हलकेच वळवावे. झटका देऊ नये. रस्ता बर्फाशिवाय दिसू लागला की साखळ्या काढाव्यात. नुसत्या डांबरावर साखळी झिजते, तुटते, आणि तिथे पकडही रबरापेक्षा कमीच देते.

युरोपात या बाबतीत लोक फार काटेकोर आहेत. निळ्या गोल पाटीवर साखळी घातलेल्या टायरचे पांढरे चित्र असले, की तिथून पुढे साखळीवाचून जाता येत नाही. फ्रान्समध्ये २०२१ सालापासून डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्चपर्यंत हिवाळी टायर लावणे किंवा साखळ्या गाडीत बाळगणे बंधनकारक केले आहे. हिवाळी टायरचे रबर निराळे असते. थंडीत ते मऊ राहते. आपले नेहमीचे टायर सात-आठ अंशांखाली ताठर होऊ लागतात. आपल्याकडेही बर्फ पडला म्हणजे तंगमर्गहून गुलमर्गला जाणाऱ्या रस्त्यावर वाहतूक पोलीस साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाके ओढणाऱ्या गाड्यांनाच सोडतात. तिथे अडवले म्हणून वाद घालणाऱ्यांत आपली माणसेही असतात. पोलिसाने अडवले तर त्याचे आभार मानावेत.

जे भाड्याच्या गाडीने जातात त्यांनी निघण्यापूर्वी, हॉटेलच्या दारातच, चालकाला विचारावे. तिकडे साखळीला चेनच म्हणतात. ‘भैया, चेन है ना गाडी में?’ एवढे विचारले की पुरे. ‘है, है’ असे उत्तर आले तर, ‘ज़रा दिखाइए’ म्हणायला संकोच करू नये. तिथले चालक बर्फात वाढलेले असतात, त्यांचे कसब आपल्यापेक्षा कितीतरी अधिक. पण चार खेपा उरकण्याची घाई त्यांनाही असते. तो म्हणाला, आज वर जाणे बरे नाही, तर पैसे भरले आहेत म्हणून हट्ट धरू नये. आपले पाहणे एक दिवसाने हुकते, त्याला तोच रस्ता रोज आहे.

आणि सगळे करूनही गाडी अडकलीच तर? सीमा रस्ते संघटनेची, म्हणजे १९६० साली स्थापन झालेल्या त्या खात्याची माणसे आणि यंत्रे, तसेच स्थानिक पोलीस येतात. पण यायला वेळ लागतो. चाके जागच्या जागी फिरवीत बसू नये, त्याने खालचा बर्फ घासून आणखी गुळगुळीत होतो. फावड्याने चाकापुढचे हिम काढावे, वाळू, माती, राख, काही मिळेल ते टाकावे. पायाखालची जाजमेसुद्धा कामी येतात. गाडी निघत नसेल तर तिच्यातच थांबावे. मात्र उबेसाठी इंजिन चालू ठेवायचे तर आधी खाली उतरून धूर जाण्याची नळी हिमाने बुजलेली नाही ना ते पाहावे. ती बुजली तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत भरतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि तो झोपेतच जातो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फाच्या वादळात मोटारी अडकल्या आणि वीसहून अधिक माणसे, त्यांत लहान मुले, गाड्यांतच दगावली. त्यांतल्या काहींचा बळी या वायूने घेतला असावा, असे तेव्हा सांगण्यात आले. म्हणून इंजिन तासाभरातून दहा मिनिटे चालवावे, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी, नळी पुनःपुन्हा मोकळी करावी, आणि सर्वांनी एकदम झोपू नये.

रात्री मुक्कामाला गाडी उभी करताना हातब्रेक ओढून ठेवू नये, ओलावा गोठून तो तसाच जाम होतो. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. सकाळी दगड काढायला विसरू नये. परत आल्यावर साखळ्या गोड्या पाण्याने धुवाव्यात, कारण परदेशांत आणि आपल्याकडेही काही ठिकाणी बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते लोखंड खाते. उन्हात वाळवून, कडी न् कडी तपासून, झिजलेली बदलून, थोडे तेल लावून गोणपाटात बांधून ठेवावी. वर टायरचे माप लिहिलेली चिठ्ठी असावी. शेजारी मागायला आला तर त्याच्या टायरचे माप आधी विचारता येते.